बेलापूरचं भुयार

नवी मुंबईत रिक्षावाल्याला नुसतं ‘किल्ला’ म्हटलं तरी पुरतं. पाम बीच रोड जिथे बेलापूरला टेकतो, तिथे महानगरपालिकेच्या मुख्यालयापाशी तो आणून सोडतो. घुमट असलेली पांढरी इमारत, उंच ध्वजस्तंभ, चारी बाजूंनी धावणाऱ्या गाड्या. ज्याच्यावरून या चौकाला नाव पडलं, तो किल्ला मात्र शोधावा लागतो. शेजारच्या वस्तीचं नाव किल्ले गावठाण. तिथे झाडीत बुरूज आणि तटाचे काही तुकडे उरले आहेत. दगडांच्या सांध्यांत झाडांची मुळं शिरली आहेत. जिथला चुना झडला आहे तिथे बोट सहज आत जातं. पलीकडे पनवेलची खाडी. ओहोटीला तिचा करडा चिखल उघडा पडतो आणि तिवरांची हिरवी किनार उंच वाटू लागते.

या किल्ल्याबद्दलची एक गोष्ट इथल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. किल्ल्यातून एक भुयार निघतं आणि खाडीच्या पोटातून थेट घारापुरी बेटावर जातं! आजा सांगतो, नातू ऐकतो, आणि पुढे तोच नातू आजा होऊन तितक्याच खात्रीने सांगतो. भुयाराचं तोंड बुजवलं म्हणून ते दिसत नाही, एवढी पुस्तीही तो जोडतो.

अशी गोष्ट हसण्यावारी नेणं सोपं, आणि खरी मानून पुढे पाठवणं त्याहून सोपं. दोन्हींत कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते तिला नीट प्रश्न विचारण्यात. ‘नवी’ म्हणवणाऱ्या या शहराच्या भूतकाळाविषयी बरेच दावे केले जातात. त्यांतले काही या प्रकरणात एकेक करून तपासू. दावा खरा की खोटा, हे तर कळेलच. पण तो का जन्मला हे कळलं की हाती जास्त लागतं, असं मला वाटतं.

मोजून पाहिलेलं भुयार

पहिला प्रश्न अंतराचा. बेलापूरचा किल्ला आणि घारापुरी यांच्यात सरळ रेषेत सुमारे ११ किलोमीटर अंतर आहे, आणि त्यातलं बरंचसं खाडी आणि दलदलीचं. असं भुयार खणायचं तर काय करावं लागलं असतं? आधी गाळाचा जाड थर ओलांडून खालच्या काळ्या पाषाणापर्यंत जायचं. मग घण आणि छिन्नीने पुढे सरकायचं. झिरपणारं पाणी दिवसरात्र उपसायचं. निघालेला दगड बाहेर आणून कुठेतरी टाकायचा. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे आत काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या दिव्यांना हवा पुरवायची.

नदीच्या किंवा समुद्राच्या तळाखालून खोदकाम करणं किती कठीण, याचा एक पक्का दाखला जगासमोर आहे. लंडनमध्ये थेम्स नदीखालून मार्क ब्रुनेल या अभियंत्याने बोगदा खणायला घेतला तो १८२५ साली. त्यासाठी कामगारांच्या डोक्यावरची माती धरून ठेवणारी लोखंडी चौकट त्याने खास बनवली. तरी बोगद्यात पुन्हा पुन्हा पाणी शिरलं, माणसं बुडाली, काम वर्षानुवर्षं बंद पडलं. बोगदा खुला झाला १८४३ साली. अठरा वर्षांच्या या खटाटोपातून निघालेली लांबी होती सुमारे ३९६ मीटर. बेलापूर ते घारापुरी हे अंतर त्याच्या जवळजवळ २८ पट. त्या बोगद्याच्या कितीतरी आधी, आमच्या खाडीखाली असं काम झालं असतं तर दगडांचे ढीग, हवेसाठीचे उभे विहिरीसारखे खड्डे, हिशेबाचे कागद, निदान दुसऱ्या टोकाचं तोंड, काहीतरी मागे राहिलं असतं. घारापुरीच्या लेण्यांचा दोनेकशे वर्षं कसून अभ्यास झाला आहे. तिथे असं तोंड कुणाला मिळालेलं नाही.

म्हणजे भुयार नव्हतं. पण मग गोष्ट आली कुठून?

महाराष्ट्रात भुयाराची कथा नाही असा किल्ला शोधूनच काढावा लागेल. पुण्याच्या शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत भुयार असल्याचं तिथेही सांगतात. या कथांना आधार देणाऱ्या वस्तू किल्ल्यांत खरोखरच असतात. वेढा पडला तर निसटायला चोरदरवाजा असतो. जमिनीखाली धान्याची कोठारं असतात, पाण्याची खोदीव टाकी असतात, तटातून बाहेर जाणाऱ्या झाकलेल्या मोऱ्या असतात. देवगिरीची अंधारी वाट तर आजही चालून बघता येते. पडक्या किल्ल्यात अशा एखाद्या वाटेचं तोंड दिसतं, आत दहा पावलांवर ती ढासळलेली असते. पुढचं अंतर माणूस मनाने चालतो.

पण ते मन घारापुरीलाच का गेलं? ठाण्याला का नाही, पनवेलला का नाही? मला वाटतं, इथे गोष्टीने एक खरी आठवण जपली आहे. पूल आणि लोकल गाड्या येण्याआधी इथली सगळी ये-जा पाण्यावरून व्हायची. बेलापूरचा किल्ला पनवेल खाडीवर नजर ठेवायला होता, आणि या खाडीतून बाहेर निघालेल्या होडीला समोर घारापुरी दिसायची. ओहोटीबरोबर होडी सोडायची, भरतीबरोबर परत आणायची. उधाण कधी, भांग कधी, हे दिवाळे गावच्या कोळ्याला पंचांग न उघडता कळायचं. ही दोन ठिकाणं जोडलेली होती, आणि जोडणारी वाट पाण्याचीच होती. खाडीकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलेल्या शहरात ती वाट विसरली गेली, भुयाराच्या रूपाने तेवढी शिल्लक राहिली.

आणि आता दोन गोष्टी अशा, ज्या त्या आजाने ऐकल्या असत्या तर त्याने मान डोलावली असती. घारापुरीच्या गावांना वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. ती आली उरणच्या किनाऱ्याकडून समुद्रतळाखाली टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटरच्या केबलमधून. आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा २१ किलोमीटरचा बोगदा ठरला, त्यातला ७ किलोमीटरचा भाग ठाणे खाडीच्या खालून जाणारा. त्याच्या कामासाठी एक वाट घणसोलीत खोदली गेली. खाडीखालच्या भुयाराची गोष्ट सांगणाऱ्या शहरात खाडीखालचं भुयार खरोखरच येऊ घातलं, पण त्यासाठी विसावं शतक उलटावं लागलं.

बेलाची माळ आणि दोन तारखा

दुसरा दावा नावाबद्दल. गोष्ट अशी सांगतात: किल्ला पोर्तुगीजांकडे होता. चिमाजी आप्पांनी नवस बोलला की किल्ला हाती आला तर इथल्या अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन. १७३३ साली किल्ला आला, नवस फेडला गेला, आणि बेलावरून किल्ल्याचं नाव बेलापूर झालं.

गोष्ट सुरेख आहे. आता तिच्यातली तारीख हातात घेऊ. चिमाजी आप्पांची पोर्तुगीजांविरुद्धची मोठी मोहीम सुरू झाली १७३७ साली. ठाणं त्याच वर्षी मराठ्यांकडे आलं आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. १७३३ साली पेशव्यांचं कोकणातलं लक्ष जंजिऱ्याच्या सिद्दीवर होतं. पोर्तुगीजांचा किल्ला चिमाजी आप्पांनी घेतला असेल तर १७३७ नंतरचं साल जास्त जुळतं. १७३३ हेच साल धरायचं तर चिमाजी आप्पांचं नाव नीट बसत नाही. नवस आणि साल दोन्ही एकत्र टिकवणं अवघड आहे.

नावाचंही तसंच. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दुसरं बेलापूर आहे. तिथे पोर्तुगीज कधी पोचले नाहीत. बेलावरून गावाचं नाव पडायला विजयाची गरज नसते. शंकराचं देऊळ आणि बेलाचं झाड एवढं पुरतं. पोर्तुगीज मात्र खाडीकाठच्या आपल्या बेलापूरला ‘सबायो’ म्हणत, आणि ते नाव आलं शेजारच्या शहाबाज गावावरून. शहाबाज आजही आहे. बेलापूरच्या सेक्टरांच्या मधोमध, अरुंद गल्ल्या आणि जुन्या घरांसह. पोर्तुगीजांनी एका गावाचं नाव किल्ल्याला दिलं, मराठी माणसांनी दुसऱ्याचं, एवढाच हा मामला असू शकतो.

याच किल्ल्याच्या इतिहासातली दुसरी एक तारीख तपासून बघा, म्हणजे घट्ट बसणारी तारीख कशी असते ते कळेल. कंपनी सरकारच्या कॅप्टन चार्ल्स ग्रे याने बेलापूरचा किल्ला ताब्यात घेतला तो २३ जून १८१७ रोजी. त्याच्या बरोबर दहा दिवस आधी, १३ जून १८१७ रोजी, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांना पुण्याचा तह मान्य करावा लागला होता, आणि त्या तहात उत्तर कोकण इंग्रजांना द्यावं लागलं होतं. पुण्यात सही झाली आणि दहा दिवसांत खाडीकाठचा किल्ला हातातून गेला. ‘इंग्रजांनी किल्ला जिंकला’ असं आपण सहज म्हणून जातो. तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं, किल्ल्याचं भवितव्य पुण्यातल्या कागदावर आधीच ठरलं होतं. पुढे इंग्रजांनी तो बराचसा पाडूनही टाकला, पुन्हा कुणी त्याच्या आधाराने उभं राहू नये म्हणून. आज आपण बघतो ते त्यातून उरलेलं.

नवसाची गोष्ट मग टाकून द्यायची का? मुळीच नाही. परक्यांचा अंमल गेल्यावर आपल्या देवाला आपण आपल्या हाताने बेल वाहिला, हा आनंद त्या गोष्टीत आहे आणि तो खरा आहे. ती लोकांची आठवण म्हणून सांगावी. साल म्हणून सांगू नये.

हत्ती नसलेलं हत्तीबेट

आता खाडी ओलांडून घारापुरीला जाऊ. बेट उरण तालुक्यात येतं. अटल सेतूवरून नवी मुंबईकडे येताना उजव्या हाताला दिसते ती त्याचीच डोंगररांग. जग या बेटाला एलिफंटा म्हणतं, कारण पोर्तुगीजांना किनाऱ्यावर उतरताच दगडात कोरलेला मोठा हत्ती दिसला. गंमत अशी की तो हत्ती आज बेटावर नाही. १८१४ साली त्याचं डोकं गळून पडलं. १८६४ साली तो उचलून इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा यारीची साखळी तुटली आणि हत्ती कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत राणीच्या बागेत आणून ठेवले आणि १९१४ साली पुन्हा जुळवले. भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आज उभा आहे. जवळ जाऊन पाहिलं तर अंगावरचे सांधे दिसतात. साखळी तुटली नसती तर तो आज परदेशातल्या एखाद्या बागेत असता. एका तुटलेल्या साखळीने तो आपल्याकडे राहिला, तुकड्यांच्या रूपात का होईना.

हत्ती निदान सापडतो. बेटावरची दुसरी एक वस्तू गेली ती गेलीच. गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरखान्याचा प्रमुख आणि इतिहासकार दियोगो दो कोतो याने लिहून ठेवलं आहे की घारापुरीच्या मोठ्या लेण्यापाशी एक कोरीव लेख असलेली शिळा होती. पोर्तुगीजांनी ती काढून राजा तिसऱ्या जॉनकडे पोर्तुगालला पाठवली. राजाने वाचणारा शोधला, पण कुणालाच ती वाचता आली नाही. पुढे शिळेचा पत्ता लागला नाही.

‘कुणालाच वाचता न आलेली लिपी’ म्हटलं की कल्पनेला पंख फुटतात. पण यात गूढ काही नाही. लेणी सहाव्या शतकातली. त्या काळची लिपी ब्राह्मीपासून आलेली, आणि सोळाव्या शतकापर्यंत ती वाचण्याची विद्या आपल्याकडेच लोपली होती. अशोकाचे ब्राह्मी लेख जेम्स प्रिन्सेपने वाचले ते १८३७ साली. शिळा तीनशे वर्षं उशिरा निघाली असती तर कुणा पंडिताने ती महिन्याभरात वाचली असती, आणि लेणी कुणी खोदली हा वाद बहुधा उरलाच नसता. पुराव्याचं नशीबही माणसासारखं असतं. योग्य वेळी योग्य हाती पडावं लागतं.

शिळा गेल्यावर उरले ते दावे. गावकरी सांगत आले की लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली. बाणासुराचं आणि त्याची मुलगी उषा हिचं नावही पूर्वी घेतलं जाई. अभ्यासकांनी कुणी कोकणच्या मौर्यांचं नाव घेतलं, कुणी राष्ट्रकूटांचं, कुणी कलचुरींचं. या वादाला वळण दिलं ते अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूने. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी मिळाली. शोभना गोखले यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सोन्या-चांदीचं नाणं व्यापाऱ्याच्या कमरेला बांधून दूर दूर जातं. तांब्याचं नाणं बहुधा जिथे खर्चायचं तिथेच फिरतं. ते भाजीपाल्याचं, मजुरीचं नाणं. एवढ्याशा बेटावर अशी नाणी कुणाला लागली असतील? दगड फोडणाऱ्यांना, अशी एक शक्यता समोर येते. म्हणून सहाव्या शतकाचा मध्य आणि कलचुरींचं राज्य, या मताकडे आज बरेच अभ्यासक झुकतात. राजाने कोरलेली शिळा हरवली आणि कारागिराच्या हातातून निसटलेला पैसा साक्षीला आला, हे मला फार मोलाचं वाटतं.

या लेण्यातल्या सर्वांत प्रसिद्ध शिल्पाबद्दलही एक समज पक्का रुजलेला आहे. सुमारे साडेपाच मीटर उंचीचं ते तीन मुखांचं शिल्प आपण त्रिमूर्ती म्हणून ओळखतो आणि ब्रह्मा, विष्णू, महेश असं मोजतो. जवळून पाहा. पाहणाऱ्याच्या डावीकडचं मुख मिशा असलेलं, उग्र, हाती सर्प धरलेलं. उजवीकडचं कोमल, हातात कमळ असलेलं. मधलं शांत, मिटल्या डोळ्यांचं. हे तिन्ही शिवाचेच भाव आहेत. शिल्प सदाशिवाचं आहे. त्याला पाच मुखं मानतात. चौथं मागे खडकात आणि पाचवं वर, न दिसणारं. नाव चुकीचं पडलं म्हणून शिल्पाचं काही कमी झालं नाही. पण योग्य नाव माहीत असलेला माणूस तिथे जास्त वेळ थांबतो.

आणखी एक वाद बेटाच्या नावातच आहे. कर्नाटकात ऐहोळे इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचा, शके ५५६ म्हणजे इ. स. ६३४-३५ चा शिलालेख आहे. त्यात कोकणच्या मौर्यांचा पराभव आणि पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणवणाऱ्या ‘पुरी’ नगरीला शेकडो नौकांनी घातलेला वेढा येतो. लेख लिहिणारा कवी रविकीर्ती त्या नौकांना मदमस्त हत्तींची उपमा देतो. ही पुरी कुठली? काहींनी घारापुरी म्हटलं, काहींनी मुरूडजवळची राजपुरी. घारापुरीच्या बाजूने नाव आहे, लेणी आहेत, मोराबंदरच्या किनाऱ्यावर सापडलेली रोमन काळातल्या मद्यकुंभांची खापरं आहेत. विरुद्ध बाजूने बेटाचा आटोपशीर आकार आहे, मोजकी शेती आणि मोजकं गोडं पाणी आहे. राजधानीला धान्य लागतं, लाकूड लागतं, माणसं लागतात. शिळा राजाच्या महालात हरवली नसती तर कदाचित याचंही उत्तर तिच्यावर मिळालं असतं. आज निकाल लागलेला नाही, आणि निकाल न लागलेला प्रश्न तसाच उघडा ठेवणं हीसुद्धा इतिहासाची शिस्त आहे.

पहिली, पण कशातली?

पनवेलकरांना ज्याचा सार्थ अभिमान आहे तो दावा असा की पनवेलची नगरपालिका महाराष्ट्रातली पहिली. ती स्थापन झाली १८५२ साली. कोणी हौसेने ‘देशातली पहिली’ असंही म्हणतं. ते टिकत नाही. मद्रासचा नगर कारभार १६८८ पासूनचा आहे. ‘पहिलं’ हा शब्द दिसला की लगेच विचारावं, कशातलं? कुठल्या कायद्याखालचं? कुठल्या हद्दीतलं? १८५० साली कंपनी सरकारने एक कायदा केला, ज्याखाली रहिवाशांची इच्छा असेल त्या गावी नगरपालिका नेमता येई. पनवेलचा मान आहे तो या कायद्याच्या संदर्भात, आणि तो लहान नाही.

पण मला त्याहून मोठा वाटतो तो प्रश्न वेगळा: आजच्या महाराष्ट्रात एवढी मोठी शहरं असताना हा मान पनवेलला कसा? उत्तर पुन्हा खाडीतच आहे. त्या काळी मुंबईहून पुण्याला जायचं तर होडीने, भरती साधून, पनवेल बंदराला उतरायचं. तिथून खोपोलीपर्यंत सडक आणि पुढे बोरघाट. गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८३० साली, घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलचं महत्त्व आणखी वाढलं. पलटणी, टपाल, व्यापारी, मीठ, तांदूळ, सगळं या बंदरातून जायचं. बैलगाडीची चाकं बनवण्यात पनवेलचे कारागीर नावाजलेले होते. एवढी वर्दळ आली की रस्ते, दिवे, स्वच्छता, बाजार यांची व्यवस्था लागतेच. नगरपालिका त्या वर्दळीतून जन्मली.

पुढे १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ती कल्याण, कर्जतवरून वळली. पनवेल बाजूला पडलं. बंदरात गाळ साचत गेला. मुंबई-पुणे प्रवासातलं हे मधलं नाकं शंभर वर्षं शांत राहिलं, आणि पुन्हा गजबजलं ते महामार्ग आणि नवं शहर आल्यावर. ‘पहिली नगरपालिका’ हे शब्द त्या हरवलेल्या बंदराची पावती आहेत. नुसता पहिला क्रमांक मिरवला तर ही सगळी हकिकत हातून निसटते.

‘इथे काहीच नव्हतं’

शेवटचा दावा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सर्वांत जास्त वेळा केला जातो आणि सर्वांत कमी तपासला जातो.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकात मांडणी केली की मुंबईची वाढ उत्तरेकडे रेटण्याऐवजी खाडीपलीकडे जुळं शहर वसवावं. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ साली खुला झाला. ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र ठरलं. तेव्हापासून दोन वाक्यं सतत कानावर येतात. एक, हे जगातलं सर्वांत मोठं नियोजित शहर. दोन, त्याआधी इथे नुसती दलदल होती.

पहिल्या वाक्याला मगाचाच प्रश्न लावू: मोठं कशात? क्षेत्रफळ धरलं तर ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा, तीही आखून वसवलेली, नवी मुंबईच्या दुपटीहून जास्त पसरली आहे. लोकसंख्या धरली तर कुठली हद्द आणि कुठलं साल, हे आधी सांगावं लागेल. हे शहर धाडसाने कल्पिलेलं आणि मोठ्या कष्टाने उभं केलेलं आहे. तेवढं सांगितलं तरी त्याचा मान राहतो.

दुसरं वाक्य मात्र मनाला लागतं. नव्या शहराच्या हद्दीत ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं होती. आगरी होते, कोळी होते, कराडी होते, डोंगराच्या कुशीत कातकरी आणि ठाकर पाडे होते. ज्याला ‘दलदल’ म्हटलं गेलं त्यात खारजमिनी होत्या. समुद्राचं पाणी बाहेर ठेवायला माणसांनी मातीचे बांध घातले होते, उघाड्या बसवल्या होत्या, आणि त्या आड भात पिकवलं होतं. शेजारी मिठागरं होती. खाजणात कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या मिळत. बांध फुटला की सारा गाव रात्री मशाली घेऊन धावायचा, कारण एकदा खारं पाणी शेतात शिरलं की जमीन काही वर्षं रुसायची. अशी जमीन नुसती असत नाही, पिढ्यांनी ती राखलेली असते.

या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि दास्तान फाट्यावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच भूसंपादनाच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं सूत्र आलं, आणि ते देशभर चर्चिलं गेलं.

ठाण्याहून पनवेलकडे लोकलने निघा आणि स्थानकांची नावं ऐकत जा: ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, नेरूळ, बेलापूर. सेक्टरना आकडे दिले गेले, पण नावं गावांचीच राहिली. कोपरखैरण्यात दोन गावं एका शब्दात बसली आहेत. जुईनगरात जुई गाव आहे.

भुयाराचा दावा आपण दगड आणि हवा मोजून तपासला, नवसाचा तारखा जुळवून, पनवेलचा व्याख्या विचारून, घारापुरीचा एका तांब्याच्या पैशाने. या शेवटच्या दाव्याला पुरावा शोधायला कुठे खोल खणावं लागत नाही. भुयार होतं म्हणणाऱ्याकडे कागदाचा एक चिटोराही नाही. पण गावठाणातल्या कितीतरी घरांत, कपाटाच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला जुना सातबारा आजही निघतो. त्याच्यावर सर्वे नंबर आहे, क्षेत्र आहे, पीक भात असं लिहिलेलं आहे, आणि एका माणसाचं नाव आहे. इथे काहीच नव्हतं असं कुणी म्हटलं, तर त्या माणसाचं नाव मोठ्याने वाचून दाखवावं.